ब्राऊन ड्वार्फचे सोबती शोधायचे तर सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: फोंड्याला राहणारा एम.एस्सी.चा विद्यार्थी, हाताशी ८ इंची दुर्बीण, एक कृष्णधवल सीमॉस कॅमेरा, बरा लॅपटॉप आणि इंटरनेट. जूनपासून चार महिने आकाश बंद. एवढ्या शिदोरीवर ब्राऊन ड्वार्फच्या जोड्या शोधण्याचा प्रकल्प होईल का, आणि होणार असेल तर नेमकं करायचं काय?

होईल. मात्र दुर्बिणीच्या जोरावर नाही, तर सर्वेक्षणांच्या साठवलेल्या माहितीवर. ती सगळी फुकट आहे आणि तिला पाऊस लागत नाही. दुर्बिणीचं काम शेवटी येतं, ते शेवटीच सांगतो.

ब्राऊन ड्वार्फ म्हणजे गुरूच्या साधारण १३ ते ७५-८० पट वस्तुमानाचे गोळे. त्यांच्यात हायड्रोजनचं ज्वलन टिकत नाही, त्यामुळे जन्मापासून ते थंडच होत जातात. वर्णपटानुसार एल, टी, वाय असे वर्ग (उशिराच्या एम वर्गातही काही तरुण सापडतात). जवळपास सगळा उजेड अवरक्तात. थंड होत जाणं हीच अडचण आहे: मंद दिसणारा गोळा हलका आणि तरुण आहे की जड आणि म्हातारा, हे एकट्या गोळ्याकडे बघून कळत नाही. जोडी सापडली तर कळतं. कक्षा मोजली की वस्तुमान मिळतं, आणि सोबती एखादा नेहमीचा तारा असेल तर त्याच्यावरून वय आणि घटक मिळतात. एवढी खटपट त्यासाठीच.

आता पहिला निर्णय: दोघांमध्ये किती अंतर असलेली जोडी शोधायची? पद्धत, माहितीसाठा, मागायची दुर्बीण, सगळं यावर ठरतं. जोडी २० पार्सेकवर (१ पार्सेक म्हणजे सुमारे ३.२६ प्रकाशवर्षं) असेल तर आकाशातला १ आर्कसेकंद (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे तिथली २० खगोलीय एककं (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर). ब्राऊन ड्वार्फ-ब्राऊन ड्वार्फ जोड्या बहुतेक करून ३ ते ७ एककांच्या आसपास दाटलेल्या असतात, म्हणजे २० पार्सेकवर ०.१५ ते ०.३५ आर्कसेकंद. हवेच्या थरथरीमुळे जमिनीवरच्या साध्या कॅमेऱ्याला ते दोन ठिपके कधीच वेगळे दिसत नाहीत. त्यासाठी हबल किंवा वेब ही अवकाश-दुर्बीण, नाहीतर केकसारख्या जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणीवरचं अनुकूली प्रकाशतंत्र (हवेची थरथर भरून काढणारं) लागतं. शिवाय सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना सोबती असतो, ब्राऊन ड्वार्फांत हे प्रमाण १० ते २० टक्के. १०० एककांहून लांबच्या जोड्या तर दुर्मीळच, कारण एवढ्या कमी वस्तुमानात एवढं सैल बंधन टिकत नाही. तेव्हा ज्ञात ब्राऊन ड्वार्फांची यादी घेऊन त्यांच्याभोवती लांबचे सोबती शोधत बसलात तर पदरात फारसं पडणार नाही.

शोध उलटा करा. तारा धरा आणि त्याच्याभोवती ब्राऊन ड्वार्फ शोधा. तारा जड असल्यामुळे हजारो एककांवरचा सोबतीही धरून ठेवतो, आणि तेवढं अंतर वाइज या अवरक्त उपग्रहाच्या जाड चित्रांतही वेगळं दिसतं. लॅपटॉपवर होण्यासारखा प्रकल्प हाच.

मुख्य ताऱ्यांची यादी गाया उपग्रहाच्या तिसऱ्या माहितीसंचातून (डीआर३) काढा. पराशय (पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्याचं दिसणारं सरकणं, ज्यावरून अंतर कळतं) २० मिलिआर्कसेकंदांपेक्षा जास्त (५० पार्सेकच्या आत), पराशय त्याच्या त्रुटीच्या किमान १० पट, आणि निजगती (आकाशातलं ताऱ्याचं स्वतःचं सरकणं) वर्षाला २०० मिलिआर्कसेकंदांच्या वर. शेवटची अट कडक वाटेल, तिचं कारण पुढे येईल. गाया संग्रहाच्या सिंक्रोनस विचारणेला २००० ओळींची मर्यादा आहे. उत्तरात नेमक्या २००० ओळी आल्या तर यादी तुटलेली आहे असं समजा आणि तीच विचारणा असिंक्रोनस पद्धतीने पुन्हा चालवा. ही चूक कुठलीही त्रुटी-सूचना न देता होते, म्हणून महिनोन्महिने लक्षात येत नाही.

सोबत्यांसाठी कॅटवाइज२०२०. वाइज उपग्रहाच्या ३.४ आणि ४.६ मायक्रॉन (डब्ल्यू१ आणि डब्ल्यू२) या पट्ट्यांतल्या चित्रांवरून बनवलेली सुमारे १.९ अब्ज स्रोतांची ही सूची, निजगतीसकट. मिथेनमुळे टी वर्गाचे ब्राऊन ड्वार्फ डब्ल्यू१ मध्ये दबतात. म्हणून डब्ल्यू१ उणे डब्ल्यू२ हा प्रतींतला फरक (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जेवढा मोठा तेवढा ठिपका मंद) टी वर्गाच्या मधल्या टप्प्यापासून १ च्या वर जातो, उशिराच्या टी वर्गात २ च्याही. एल वर्गात तो ०.३ ते ०.६ एवढाच असतो, आणि त्या पट्ट्यात दूरच्या आकाशगंगांची इतकी भाऊगर्दी आहे की पहिल्या प्रकल्पात टी वर्गापुरतं थांबणं शहाणपणाचं.

शोधाची त्रिज्या आर्कसेकंदात काढायची तर एककांना पार्सेकने भागा: १०,००० एककं आणि २५ पार्सेक म्हणजे ४०० आर्कसेकंद. प्रत्येक ताऱ्याची त्रिज्या वेगळी येईल, सगळ्यांना एकच देऊ नका. टॉपकॅट या सूच्या जुळवणाऱ्या प्रोग्राममध्ये प्रत्येक ओळीला स्वतःची त्रिज्या देऊन जुळवणी करता येते.

इथे दोन खड्डे आहेत. एक, एकक: गायाची निजगती मिलिआर्कसेकंदांत, कॅटवाइजची आर्कसेकंदांत. दुसरा, काळ: गायाची स्थानं २०१६.० ची, कॅटवाइजची २०१५ च्या मध्याजवळची, टूमास या जुन्या अवरक्त सर्वेक्षणाची १९९७ ते २००१ मधली. वर्षाला ०.३ आर्कसेकंद सरकणारा तारा १६ वर्षांत ४.८ आर्कसेकंद जातो. स्थान मागे नेल्याशिवाय टूमासशी जुळवणी केली तर खरे सोबती गळतात आणि भलतेच गळ्यात पडतात.

मग निजगतीची तुलना. दोन्ही घटकांतला फरक एकत्रित त्रुटीने भागा आणि ३ च्या आत असेल तर ठेवा. कॅटवाइजची निजगती डब्ल्यू१ = ११ च्या आसपास वर्षाला सुमारे २० मिलिआर्कसेकंदांपर्यंत भरवशाची आहे, १७ व्या प्रतीला मात्र त्रुटी १०० च्या घरात जाते. तुमचे टी वर्गाचे उमेदवार या मंद टोकालाच असणार. त्रुटी १०० आणि ताऱ्याची गती ८० असेल तर जवळपास स्थिर असलेली कुठलीही वस्तू ‘जुळते’. म्हणून वरची २०० ची अट, आणि तीही काठावरचीच. उमेदवार उत्तरेत असेल तर यूकेआयआरटी हेमिस्फिअर सर्व्हे, दक्षिणेत असेल तर व्हिस्टाचा व्हीएचएस, यांतली स्थानं घेऊन गती स्वतः काढा. टूमासमध्ये तो दिसत असेल तर १२-१३ वर्षांचा पल्ला मिळतो आणि ०.१५ आर्कसेकंदाच्या स्थानत्रुटीतून वर्षाला ११-१२ मिलिआर्कसेकंदांची अचूकता निघते. जे या अवरक्त पट्ट्यात (१.२५ मायक्रॉनजवळ) तो १६.५ प्रतीच्या पुढचा असेल तर टूमासमध्ये तो बहुधा नसतोच.

यादी हातात आली की लगेच खूश होऊ नका. आधी योगायोग मोजा. प्रत्येक ताऱ्याचं स्थान २ अंशांनी सरकवा, निजगती आणि पराशय तेच ठेवा, आणि तीच जुळवणी त्याच अटींनी पुन्हा चालवा. आता सापडणारी प्रत्येक जोडी खोटी आहे, कारण त्या जागी तो ताराच नाही. असं चार दिशांना करून सरासरी काढा. खऱ्या यादीत ४० जोड्या आणि सरकवलेल्या यादीत सरासरी ३५ निघाल्या तर तुमच्याकडे ४० नव्हे, पाचेक जोड्या आहेत, आणि त्या पाच कोणत्या हेही माहीत नाही. अटी घट्ट करत जा, खोट्यांचा आकडा १-२ वर येईपर्यंत. आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ सरकवताना गांगेय रेखांशाच्या दिशेनेच सरकवा, नाहीतर ताऱ्यांची दाटी बदलते आणि तुलना फसते. पहिल्या खेपेला गांगेय अक्षांश १० अंशांच्या आतला भाग सरळ वगळलेला बरा.

उरलेले उमेदवार डोळ्यांनी बघा. वाइजव्ह्यू या साधनात २०१० पासूनची वाइजची चित्रं एकामागून एक फिरताना दिसतात. थंड ब्राऊन ड्वार्फ त्यात नारिंगी ठिपक्यासारखा दिसतो आणि शेजारच्या ताऱ्याच्याच दिशेने, त्याच चालीने सरकतो. तेजस्वी ताऱ्याच्या विवर्तन-किरणावर बसलेला, किंवा प्रभामंडळात धूसर फुगणारा ‘स्रोत’ बाद करा. कॅटवाइजमधला एबी फ्लॅग त्याची कल्पना देतो. वाइजची विभेदनक्षमता सुमारे ६ आर्कसेकंद आहे, त्यामुळे ताऱ्याच्या १० आर्कसेकंदांच्या आत काही शोधायला जाऊच नका. त्यानंतर पॅन-स्टार्स सर्वेक्षणाची चित्रं: टी वर्गाचा गोळा झेड आणि वाय पट्ट्यांत मिणमिणता दिसेल, जी आणि आर या कमी तरंगलांबीच्या पट्ट्यांत दिसता कामा नये. जी मध्ये ठिपका दिसला की तो उमेदवार संपला.

पुढची चाळणी अंतराची, आणि इथे बहुतेक जण चांगला माल फेकून देतात. समजा उमेदवाराचा रंग टी६ शी जुळतो. टी६ ची जे पट्ट्यातली निरपेक्ष प्रत (१० पार्सेकवरून दिसली असती ती) सुमारे १५.२. उमेदवाराची दृश्य प्रत १७.२ असेल तर फरक २.० आणि अंतर २५ पार्सेक. शेजारच्या ताऱ्याचा गायाने दिलेला पराशय मात्र ३५ पार्सेक सांगतो. जुळत नाही म्हणून काट मारायची? थांबा. तो ठिपका म्हणजे दोन सारख्या ब्राऊन ड्वार्फांची न फुटलेली (चित्रात दोन ठिपके वेगळे न दिसणारी) जोडी असेल तर उजेड दुप्पट, प्रत ०.७५ ने तेजस्वी, आणि काढलेलं अंतर खऱ्यापेक्षा २ च्या वर्गमुळाइतकं, म्हणजे १.४१ पटीने कमी येतं. २५ गुणिले १.४१ बरोबर ३५. निजगती चोख जुळते आणि अंतर एवढ्याच पटीने कमी येतं, तेव्हा तो उमेदवार यादीच्या तळाला नव्हे, माथ्यावर ठेवायचा. उलट बाजूला, म्हणजे काढलेलं अंतर ताऱ्याच्या अंतरापेक्षा बरंच जास्त येत असेल, तर काट मारायला हरकत नाही.

हीच कल्पना ज्ञात ब्राऊन ड्वार्फांवर वापरली की न फुटणाऱ्या जोड्यांचा शोध सुरू होतो. अल्ट्राकूलशीट या सूचीत वर्णपट-वर्ग, पराशय आणि प्रती एकत्र मिळतात. वर्गासमोर निरपेक्ष प्रत मांडा आणि नेहमीच्या रेषेपेक्षा अर्ध्या प्रतीहून जास्त वर असलेले निवडा. पण एकाच पट्ट्यात नाही, जे, एच, के आणि डब्ल्यू२ चारही पट्ट्यांत मांडा. चारही ठिकाणी सारखा वर असेल तर जोडी असण्याची शक्यता चांगली. फक्त जे मध्ये वर आणि वर्ग टी१ ते टी५ असेल तर तो ढग विरण्याचा परिणाम: या टप्प्यात ब्राऊन ड्वार्फ थंड होतानाही जे मध्ये उजळतात. के आणि डब्ल्यू२ मध्येच वर आणि रंग जास्त लाल असेल तर तो बहुधा तरुण, फुगलेला गोळा, जोडी नव्हे. एकाच वर्गातल्या प्रतींचा नैसर्गिक फैलावच ०.३-०.४ आहे, तेव्हा ०.४ च्या उंचीवरून सुतावरून स्वर्ग गाठू नये.

ही पद्धत सारख्या जोड्या पकडते. असमान जोडीत धाकटा फारसा उजेड घालत नाही, म्हणून ती निसटते. तिथे वर्णपट उपयोगी. उशिराचा एल आणि टी असे दोघे एकाच फटीतून आले की एकूण वर्णपट एल सारखाच दिसतो, पण १.६ मायक्रॉनच्या जरा पुढे मिथेनची बारीकशी खाच पडते. एकट्या एल ची ती नसते. करायचं एवढंच: स्पेक्स प्रिझम संग्रहातले नमुना वर्णपट घ्या, प्रत्येकाची निरपेक्ष प्रतीने पातळी लावा, दोन-दोन मिळवून सगळे संयोग बनवा, आणि तुमचा वर्णपट एकट्या नमुन्याशी जास्त जुळतो की मिश्रणाशी, हे काय-वर्ग (χ²) चाचणीने तपासा. मिश्रणाला एक मोकळा घटक जास्त असल्यामुळे ते नेहमीच थोडं बरं जुळतं. सुधारणा त्याहून लक्षणीय आहे का, हे एफ-चाचणीने ठरवा. १.४ आणि १.९ मायक्रॉनजवळचे वाफेचे पट्टे तुलनेतून काढून टाका. आणि फसगतीचा नमुना लक्षात असू द्या: टूमास जे२१३९+०२२० हा गोळा वर्णपटावरून जोडीचा भक्कम उमेदवार होता. निघाला ढगांच्या पट्ट्यांमुळे जे मध्ये २६ टक्क्यांपर्यंत उजळ-मंद होणारा. ढगांची उघडी-झाकली ठिगळंही दोन तापमानांचं मिश्रणच दाखवतात.

तिसरी वाट डगमगण्याची. गायातला आरयूडब्ल्यूई हा आकडा १.४ च्या वर गेला म्हणजे एकट्या ताऱ्याचा हिशेब नीट बसत नाही. यात एक गंमत आहे. दोघं अगदी सारखे असतील तर प्रकाशाचं केंद्र आणि वस्तुमानाचं केंद्र एकाच जागी येतं आणि ठिपका हलतच नाही. म्हणजे सारख्या जोड्या प्रतीवरून सापडतात, असमान जोड्या डगमगण्यावरून. एका पद्धतीचं ‘नाही’ दुसरीला लागू होत नाही. गायाची दृष्टी २१ व्या प्रतीच्या आसपास संपते, त्यामुळे टी वर्गाचे बहुतेक गोळे तिथे नसतातच. ही वाट मुख्यतः एल वर्गापुरती.

न फुटलेली जोडी किती काळ लपू शकते याचं उदाहरण ग्लीझ २२९ बी. १९९५ मध्ये जाहीर झालेला, मिथेन दाखवणारा हा पहिला ब्राऊन ड्वार्फ. त्याचं वस्तुमान गुरूच्या ७१ पट निघालं आणि उजेड मात्र त्या मानाने फारच कमी. २०२४ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणी जोडून केलेल्या निरीक्षणांत तो दोन निघाला: गुरूच्या ३८ आणि ३४ पट, एकमेकांभोवती १२.१ दिवसांत, फक्त ०.०४ एककं अंतरावर. वस्तुमान माहीत असताना उजेड कमी पडणं हीसुद्धा जोडीची खूण आहे.

ठिपके प्रत्यक्ष फोडण्यासाठी मोठ्या दुर्बिणीचा वेळ लागतो, आणि तो अर्ज मार्गदर्शकांच्या नावाने जाईल. अर्जाआधी तपासायची एक गोष्ट: लेझर-तारा (लेझरने आकाशात उमटवलेला कृत्रिम ठिपका) असला तरी प्रतिमेचं हेलकावणं मोजायला जवळपास एक खरा ताराही लागतो, साधारण एका आर्कमिनिटाच्या टप्प्यात, १८ व्या प्रतीच्या आसपासचा. तो नसेल तर लक्ष्य बदला. वर्णपटासाठी देशातच नैनितालजवळच्या देवस्थळची ३.६ मीटर दुर्बीण आणि तिच्यावरचं टॅनस्पेक हे वर्णपटयंत्र आहे, ०.५५ ते २.५ मायक्रॉन. खाच बघायला त्याचा कमी विभेदनाचा प्रकार पुरतो. पावसाळ्यात तीही बंद असते, म्हणून अर्जाचं वेळापत्रक आधी बघा.

टक्केवारी काढणार असाल तर एक सावधगिरी. ठराविक प्रतीपर्यंतचे गोळे घेतले की दुप्पट उजेडाच्या जोड्या १.४१ पट लांबूनही यादीत शिरतात, म्हणजे २.८ पट घनफळातून. त्यामुळे जोड्यांचं प्रमाण फुगतं. यादी अंतराच्या मर्यादेने बनवा. आणि काही सापडलं नाही तर ‘सापडलं नाही’ एवढंच लिहू नका. चित्रात खोटे सोबती पेरा, तुमचीच पद्धत त्यांतले किती शोधते ते बघा, आणि कोणत्या अंतरावर किती मंद सोबती सुटला नसता ते द्या.

कक्षेचा अंदाज घेताना एकूण वस्तुमान सूर्याच्या एककात आणि अंतर खगोलीय एककात घ्या: अंतराचा घन भागिले वस्तुमान, त्याचं वर्गमूळ म्हणजे वर्षं. २०१३ मध्ये सापडलेली, साडेसहा प्रकाशवर्षांवरची ल्यूमन १६ ही जोडी घ्या. ३.५ एककं आणि ०.०६ सूर्य, उत्तर साधारण २७ वर्षं. एम.एस्सी.त कक्षा पूर्ण होणार नाही हे यावरून कळावं.

ल्यूमन १६ गोव्यातून दिसते का? क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) उणे ५३ अंश, आपला अक्षांश साडेपंधरा. मध्यमंडलावरही ती फक्त २१ अंश वर येते, मार्चमध्ये मध्यरात्रीच्या सुमारास. एवढ्या खाली समुद्राची दमट हवा जवळपास पावणेतीन पट जाडीची लागते, आणि दोघांमधलं अंतर आर्कसेकंदाच्या घरातलं. ८ इंचीने जोडी फोडण्याचा नाद सोडा.

दुर्बिणीने करण्यासारखं काम म्हणजे व्हीबी १०. हा ब्राऊन ड्वार्फ नव्हे, ताऱ्यांच्या अगदी तळाचा एम८ वर्गाचा गोळा, पण शोधाची रीत तीच. १९४४ मध्ये व्हॅन बीसब्रुक यांनी गरुड तारकासमूहातल्या ग्लीझ ७५२ या ताऱ्याभोवती सारख्या निजगतीचा मंद सोबती शोधताना तो पकडला. दोघांत ७४ आर्कसेकंद अंतर. दोघंही वर्षाला सुमारे १.४५ आर्कसेकंद दक्षिण-नैऋत्येला सरकतात. दृश्य प्रकाशात १७ व्या प्रतीचा, पण ८०० नॅनोमीटरच्या आसपास तो चार प्रतींनी उजळ होतो, म्हणून अवरक्त जाऊ देणारा फिल्टर लावा. मुख्य तारा नवव्या प्रतीचा आणि या फिल्टरमधून आणखी तेजस्वी, मिनिटभराच्या चित्रात जळून जाईल आणि त्याचं केंद्र मोजता येणार नाही. ३ ते ५ सेकंदांची शंभरेक चित्रं घेऊन रचा. गोव्यातून तो ८० अंशांपर्यंत चढतो, पण मध्यरात्री माथ्यावर येतो तो नेमका जुलैत. म्हणून एप्रिल-मेची पहाट किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरची संध्याकाळ गाठायची. पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोंचा उजेड या फिल्टरला पूर्ण अडत नाही. सत्तरी किंवा काणकोणचा आतला भाग बरा. दुर्बिणीच्या पुढच्या सुधारक काचेवर दव बसू नये म्हणून हीटर पट्टा सुरुवातीपासूनच चालू ठेवा, दव बसल्यावर नाही. गायातले आजूबाजूचे तारे वापरून प्रत्येक चित्राचं मापन लावा, दोघांची स्थानं काढा, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात पुन्हा घ्या. महिना तोच ठेवायचं कारण असं की ही जोडी ६ पार्सेकच्या आतच आहे आणि पराशयामुळे दोघंही ०.१७ आर्कसेकंदाने मागेपुढे होतात. महिना बदलला तर ते गतीत मिसळतं.